तळे, धान आणि दफ्तर : गोंदियाच्या शब्दधनाचा आढावा

'तळे राखी तो पाणी चाखी' ही म्हण पुण्यामुंबईकडील वाचकाच्या कानावर पडते तेव्हा त्याच्या मनात बहुधा एखाद्या कोठीवरचा कारभारी किंवा एखाद्या संस्थेचा खजिनदार उभा राहतो, आणि हाताखालून जाणाऱ्या मालातला थोडासा वाटा परस्पर घरी वळविणाऱ्या मनुष्याविषयी समाज जी अर्धवट क्षमेची व अर्धवट निषेधाची भावना बाळगतो, तीच या पाच शब्दांतून व्यक्त होते असे तो समजतो. परंतु वैनगंगेच्या खोऱ्यात, नवेगावबांध, बोदलकसा, चोरखमारा अशा जलाशयांच्या आणि गावोगाव पसरलेल्या लहानमोठ्या बोड्यांच्या आधारावर ज्या प्रदेशाचे धान पिकत आले त्या गोंदिया जिल्ह्यात ही म्हण अक्षरशः घेतली, तर तिच्यातला निषेध गळून पडतो आणि मागे राहतो तो एक प्राचीन, सरळ आणि न्याय्य असा करार. चांद्याच्या गोंड राजांनी, जो कोणी अरण्य तोडून तलाव बांधील त्यास जमीन देण्याचा प्रघात पाडला होता. अशा देणगीस 'तुकुम' म्हणत, आणि चंद्रपूर शहराच्या एका भागाने हे नाव आजतागायत जपून ठेवले आहे. तलाव बांधण्यात निष्णात म्हणून ज्यांची ख्याती, त्या कोहळी समाजाचा येथील इतिहास या प्रघाताशी जोडलेला आहे. नवेगावचा विस्तीर्ण जलाशय अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने बांधला असे परंपरा सांगते. सभोवारच्या डोंगरांना लोक सात बहिणी म्हणतात, आणि त्यांच्यापैकी एका शिखरावर हाच कोलू पाटील कोलासुर देव होऊन पूजा घेतो. ज्याने तळे राखले त्याने पाणी चाखावे, एवढेच नव्हे तर त्याने देव व्हावे, इथपर्यंत या मुलुखाची कृतज्ञता गेली.

ही म्हण याच मातीत जन्मली असा माझा दावा नाही. माझे म्हणणे एवढेच की, शब्द ज्या कामातून निघाला ते काम डोळ्यांसमोर असेल तेव्हाच त्याचा खरा स्वाद कळतो. आणि महाराष्ट्राच्या ईशान्य टोकाचा हा जिल्हा, जो १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा निघाला, त्याच्या आठ तालुक्यांत असे कामाने घडविलेले शब्द इतक्या विपुलतेने आणि इतक्या निरनिराळ्या कुळांतून आलेले आढळतात की, व्युत्पत्तीचा ज्याला छंद आहे त्याने पाणी, शेत, जंगल आणि कचेरी या चार ठिकाणी कान देऊन बसावे. या शब्दांचा संग्रह कितपत झाला, कोणी केला आणि कोठे राहून गेला, याचाही विचार ओघाने करावा लागेल.

प्रथम पाण्याकडेच पाहू. येथील जुन्या तलावांना आज सर्रास 'मामा तलाव' म्हणतात. नवख्या मनुष्यास वाटते की कोणा मामाने भाच्यासाठी तो खोदविला असावा, आणि कालांतराने तशी एखादी दंतकथाही रचली जाईल. परंतु हा मामा निव्वळ कागदावरचा आहे. 'माजी मालगुजारी तलाव' या सरकारी संज्ञेची 'मा. मा. तलाव' अशी आद्याक्षरे झाली, आणि आद्याक्षरांतली टिंबे गळून लोकांच्या तोंडी आप्ताचे नाव उरले. त्या एका संज्ञेत इतिहास मात्र भरगच्च आहे. 'माल' हा अरबी शब्द, त्याचा येथे अर्थ सारा. 'गुजार' म्हणजे फार्सीत भरणारा. भोसल्यांच्या राज्यात गावचा पाटील सारा गोळा करी व भरी. इंग्रजांनी १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा केल्यावर, मध्यप्रांताच्या बंदोबस्तांत या सारा भरणाऱ्यालाच गावाचा स्वामी ठरविले, आणि 'भरणारा' या अर्थाचा शब्द 'मालक' या अर्थाने चालू लागला. पुढे १९५० च्या कायद्यान्वये ३१ मार्च १९५१ पासून ही मालकी संपली, तलाव सरकारजमा झाले, आणि 'मालगुजारी' या शब्दामागे 'माजी' हे विशेषण कायमचे चिकटले. पाटलाने पाणी चाखले म्हणून तो तळे राखीत होता. ज्या दिवशी चाखणारा एक आणि राखणारा दुसरा झाला, त्या दिवसापासून पाळी खचू लागल्या आणि गाळ वाढू लागला, अशी तक्रार या भागात सर्वत्र ऐकू येते, आणि वर सांगितलेली म्हण तीत पुन्हा आपल्या मूळ अर्थाने बोलते.

तलावाच्या अंगोपांगांची नावे याहून जुनी आहेत. पाणी सोडण्याची जी मोरी, तिला 'तुडुम' म्हणतात. पाणी कोसळण्याच्या आवाजावरून हा शब्द झाला असे सहज मनात येते, आणि ध्वनीवरून शब्द घडविण्याची मराठीची हौस पाहता ते अगदीच अशक्य नाही. तथापि तेलुगूत तलावाच्या अशाच मोरीला 'तूमु' आणि तमिळमध्ये 'तूंबु' म्हणतात हे लक्षात घेतले, म्हणजे दक्षिणेकडील तलाव-संस्कृतीचा एक धागा गोंडवनातून येथवर आला असावा या तर्काकडे माझे मन अधिक झुकते. कोशात 'मोरी' सापडते, 'सांडवा' सापडतो. तुडुम शोधावयाचा तर तलावाच्या काठीच जावे लागते.

आता कचेरीकडे वळू, कारण या जिल्ह्याच्या बोलण्यात तिचा वाटा फार मोठा आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी रघुनाथपंडितांकडून 'राज्यव्यवहारकोश' रचवून घेतला आणि फार्सी संज्ञांच्या जागी संस्कृत संज्ञा योजण्याचा तो उपक्रम सतराव्या शतकात मोठ्या निष्ठेने पार पडला, ही गोष्ट मराठी मनुष्याच्या अभिमानाची आहे. पण महसुलाची भाषा राजाज्ञेपेक्षा चिवट असते. मध्यप्रांताच्या दफ्तरातून आलेले असे काही शब्द विदर्भात आजही कायद्याने जिवंत आहेत की, पश्चिम महाराष्ट्रातील वकिलासही ते परके वाटावेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये 'निस्तारपत्रक' आणि 'वाजिब-उल-अर्ज' ही दोन नावे आढळतात. 'वाजिब-उल-अर्ज' म्हणजे गावच्या वहिवाटींची नोंद : कोणत्या तळ्याचे पाणी कोणी कोणत्या क्रमाने घ्यावे, कोठून गुरे न्यावीत, मासे कोणी धरावेत, याचे टिपण. शब्द ऐकताना तो अरबस्तानातून नुकताच उतरल्यासारखा वाटतो, परंतु त्याचे दोन्ही अवयव आपण रोज वापरतो. 'वाजिब' म्हणजे योग्य, ज्याच्यापासून आपला 'वाजवी भाव' आला, आणि 'अर्ज' तर प्रत्येक शाळकरी पोराला लिहावा लागतो. जे निवेदन करणे उचित ते, असा त्या संपूर्ण समासाचा अर्थ. 'निस्तार' त्याहून मनोहर आहे. हा शुद्ध संस्कृत शब्द. 'निस्' आणि 'तॄ', म्हणजे तरून पलीकडे जाणे. मध्यप्रांतात त्याला अर्थ आला तो गावकऱ्याने सरपण, चराई, घराला लागणारी लाकडे आणि बांबू गावच्या सामाईक रानातून घेऊन आपला संसार तरून नेण्याचा. आई मुलाला 'तू घातलेला घोळ तूच निस्तर' म्हणते तेव्हा ती याच धातूचा उपयोग करीत असते. भवसागर तरण्याचा शब्द मोळीभर जळणासाठी उपयोगात आला यात मला त्या शब्दाची अवनती दिसत नाही. ज्याच्या घरी चूल पेटत नाही त्याचा सागर तेवढाच असतो, आणि कायद्याने तो ओळखला हे कायद्याला भूषणावह आहे.

'लंबरदार' हा असाच एक शब्द. इंग्रजी 'नंबर' लोकांच्या तोंडी 'लंबर' झाला, त्याला फार्सी 'दार' हा प्रत्यय लागला, आणि मालगुजारांपैकी ज्याच्या नावावर साऱ्याची जबाबदारी नोंदली असे तो लंबरदार ठरला. तीन संस्कृतींच्या संगमावर उभा असलेला हा शब्द मला एखाद्या शिलालेखाइतका मोलाचा वाटतो. 'मालिक-मकबुजा', म्हणजे गावाचा नव्हे पण आपल्या तुकड्याचा स्वतंत्र धनी, यातील 'मकबुजा' आणि आपला नित्याचा 'कब्जा' हे सख्खे भाऊ आहेत. 'तहसील', 'महसूल' आणि 'हासील' ही तीन भावंडेही एकाच अरबी धातूची. 'वसूल' मात्र कानाला त्यांच्यातलाच वाटला तरी त्याचे घराणे निराळे आहे. आणि ज्याला इतरत्र तलाठी म्हणतात त्याला येथील वृद्ध माणसे अजून 'पटवारी' म्हणतात, कारण हा मुलूख १९५६ पर्यंत मध्यप्रदेशात होता आणि माणसाच्या तोंडातला हुद्दा राज्याच्या सीमेबरोबर बदलत नाही.

शेताचे शब्द याहून कितीतरी अधिक, आणि माझ्या मते याच ठिकाणी या प्रदेशाच्या भाषेचे हृदय आहे. कोकणातला शेतकरी उभ्या पिकालाही भात म्हणतो व ताटातल्या अन्नालाही. गोंदियाचा शेतकरी असा घोटाळा होऊ देत नाही. शेतात असते ते 'धान', गिरणीतून निघतो तो तांदूळ, आणि भात फक्त शिजल्यावर. संस्कृत 'धान्य' या सर्वसामान्य नावाने येथे एकाच पिकाचा बोध व्हावा, यात त्या पिकाचे या जीवनातील स्थान पुरेसे स्पष्ट होते. शेताचा बांधांनी वेढलेला तुकडा म्हणजे 'बांधी'. दोन शेतांमधील हद्दीचा उंचवटा म्हणजे 'धुरा'. इतरत्र धुरा वाहतात, येथे धुऱ्यावर बसून शिदोरी सोडतात. रोपांना 'पऱ्हे' म्हणतात, आणि ती उपटून चिखलात लावण्याच्या कामाला 'रोवणी'. कोकणात यालाच लावणी म्हणतील. रोवणे हे संस्कृत 'रोपण' या शब्दाचे अपत्य होय, आणि रोपण हे 'रुह्', म्हणजे उगवणे, या धातूचे प्रयोजक रूप. 'पऱ्हे' या शब्दाचे नाते अंकुर या अर्थाच्या 'प्ररोह' शब्दाशी जोडले, जसे जोडण्याचा मोह मला आवरत नाही, तर पऱ्हे रोवणे या साध्या दोन शब्दांत एकच धातू दोनदा उगवतो. जे धान रोपे न करता सरळ फेकून पेरतात त्याला 'आवत्या' म्हणतात. हा शब्द 'आवत' किंवा 'आऊत' यावरून, आणि आऊत म्हणजे नांगर. त्याचा संबंध संस्कृत 'आयुध' शब्दाशी लावला जातो. शस्त्राचे नाव नांगराला मिळालेले असे हे उदाहरण आहे, आणि ज्या भाषेत शस्त्राचा अर्थ नांगर होतो तिच्या बोलणाऱ्यांचा स्वभाव निराळा सांगावा लागत नाही.

शेताच्या म्हणी बहुधा नक्षत्रांच्या असतात, आणि त्या नुसत्या यमकाच्या नादाने जुळविलेल्या आहेत असा एक नागर समज आहे. तो किती उथळ आहे हे पाहण्यास एकच जोडी पुरे. 'पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा. न पडतील उत्तरा तर भात मिळेना पितरा.' सूर्य उत्तरा नक्षत्रात येतो तो साधारण १३ सप्टेंबरच्या सुमारास, आणि पुढे पंधरवडाभर तेथे राहतो. आषाढ-श्रावणात रोवलेले मध्यम व भारी धान या वेळी पोटरीत असते, लोंबी बाहेर पडण्याच्या बेतात असते, आणि नेमक्या त्या आठवड्यांत बांधीत पाणी नसेल तर दाणा भरत नाही व पळंज हाती येते. म्हणजे 'उत्तरा' हा शब्द येथे यमकासाठी आला नसून पिकाच्या घड्याळातील तास दाखविण्यासाठी आला आहे. आणि 'पितरा' हाही केवळ 'कुत्रा' या शब्दाचा जोडीदार नव्हे. भाद्रपदाचा वद्य पक्ष बहुधा याच दिवसांत पडतो. घरोघर पितरांना भाताचे पिंड ठेवावयाचे असतात, कोठीतले जुने धान सरत आलेले असते, आणि नवे धान उत्तरेच्या पावसावर अवलंबून असते. पुढच्या वर्षीच्या पिंडाची चिंता या वर्षीच्या पिंडदानाच्या वेळी मनात यावी, इतके त्या म्हणीचे कालज्ञान अचूक आहे. जेथे तलाव शाबूत आहे तेथे उत्तरा कोरडी गेली तरी तुडुम उघडता येते. म्हणून ही म्हण ज्याच्या शेतावर तलाव नाही त्याची आहे, आणि वर सांगितलेली तळे राखणाऱ्याची म्हण ज्याच्या शेतावर तलाव आहे त्याची.

मोजमापांची भाषा मात्र वेगाने मावळत आहे. पायली, कुडव आणि खंडी यांनी एकेकाळी या भागातील घराची ऐपत सांगितली जाई. किती खंड्यांचे शेत, एवढे विचारले म्हणजे पुढचे विचारावे लागत नसे. यांपैकी कुडव हे माप संस्कृत ग्रंथांतून जसेच्या तसे आलेले आहे. किलो आणि क्विंटल आल्यावर ही मापे बाजारातून गेली, पण 'पायलीचे पन्नास' हा वाक्प्रचार राहिला. आणि ज्या पोरांनी पायली कधी पाहिली नाही तीही तो बिनचूक वापरतात.

या सर्व शब्दांना जो एक स्थानिक रंग चढतो, तो झाडीबोलीच्या उच्चारांचा. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांच्या अरण्यमय पट्ट्याला 'झाडीपट्टी' म्हणतात आणि तेथील मराठीला झाडीबोली. महानुभावांच्या 'लीळाचरित्रा'त श्रीचक्रधरांच्या शिष्यांपैकी नीळभट्ट भांडारेकार भेटतो, यावरून या बाजूची मराठी वस्ती किती जुनी हे कळून येते. या बोलीत 'ण' हा 'न' होतो, 'श' आणि 'ष' यांचा 'स' होतो, आणि 'ळ' याचा 'र' होतो. वऱ्हाडात डोळ्याचा 'डोया' होतो, येथे 'डोरा'. काळा तो 'कारा'. मोहाच्या बियांना, ज्यांचे तेल येथे पिढ्यान्‌पिढ्या घाण्यावर काढले जाते, 'टोरी' म्हणतात; ते रूप ऐकून अपरिचितास काहीच बोध होत नाही, पण रकाराच्या जागी ळकार ठेवताच 'टोळी' आणि कोशातील 'टोळंबी' यांचे नाते उघड होते. तलावाची 'पाळ' त्याच नियमाने 'पार' होते. रेंगेपार यासारख्या ग्रामनामांच्या शेवटी येणारा 'पार' हा नदीचा पैलतीर नसून तलावाची पाळ असावा, असा तर्क करण्यास म्हणूनच जागा आहे. हा एवढा एक वर्णविकार ध्यानात ठेवला म्हणजे अनोळखी वाटणारे कितीतरी शब्द आपले मुखवटे आपणहून उतरवितात.

'लाखोरी' हे त्याच जातीचे उदाहरण, पण त्याच्यामुळे एक वेगळाच मौजेचा योग जुळून येतो. धान कापण्यापूर्वी, बांधीत ओल असतानाच, उभ्या पिकात जी डाळ फेकून पेरतात ती लाखोळी. शेजारच्या छत्तीसगडात या पद्धतीला 'उतेरा' म्हणतात. ही डाळ सतत खाल्ल्याने पाय लुळे पडतात या कारणास्तव शासनाने तिच्या विक्रीवर दीर्घकाळ बंदी घातली होती, आणि तरीही गरिबाच्या चुलीवर ती शिजत राहिली. या डाळीला 'लाख' असेही म्हणतात. त्याच बांधीच्या धुऱ्यावरील पळसावर कीटक जी राळ निर्माण करतात तीही 'लाख', आणि ती संस्कृत 'लाक्षा', पांडवांच्या लाक्षागृहातली. तिसरी लाख संख्येची, ती 'लक्ष' शब्दापासून. गोंदियाच्या बाजारात या तिन्ही लाखांचा व्यवहार एकाच दिवशी झालेला असेल. ऐकणाऱ्याचा घोटाळा होत नसे, कारण समोर पोते आहे, कांडी आहे की हुंडी आहे, हे त्याला दिसत असे.

पळसाचे नाव निघालेच आहे, तर 'पळसाला पाने तीनच' या म्हणीचा उल्लेख टाळता येत नाही. कोठेही जा, मनुष्यस्वभाव तोच, असा तिचा प्रचलित अर्थ. परंतु उन्हाळ्याच्या आरंभी ज्याने सालेकसा-देवरीकडील रान केशरी फुलांनी पेटलेले पाहिले, ज्याने त्या पानांच्या पत्रावळीवर लग्नाच्या पंगती जेवल्या आणि ज्याच्या पूर्वजांनी त्याच्या फांद्यांवर लाखेचे पीक घेतले, त्याला या म्हणीत उदासीनता जाणवत नाही. त्याला ती एका भरवशाच्या झाडाची ओळख वाटते. जिल्ह्याचे नावही रानाकडेच बोट दाखविते. गोंद म्हणजे डिंक; डिंक आणि लाख गोळा करून विकण्याचा उद्योग येथे चाले म्हणून गोंदिया, असे एक मत; गोंड लोकांच्या वस्तीवरून गोंदिया, असे दुसरे. मला दुसरे अधिक ग्राह्य वाटते, तथापि गोंद गोळा करणारे हात बहुतांशी गोंडांचेच होते, तेव्हा वाद फारसा ताणण्यात अर्थ नाही.

त्या गोंडांची भाषा द्राविडी कुळातली. पाण्याला 'येर', गावाला 'नार', देवाला 'पेन'. तेलुगूतील 'एरु', म्हणजे नदी, आणि तमिळमधील 'नाडु', म्हणजे देश, यांच्याशी येर आणि नार यांचे रक्ताचे नाते आहे. माघी पौर्णिमेस सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहेत हजारो गोंडी भाविक जमतात तेव्हा 'पेन' हा शब्द कोशातून नव्हे तर कंठातून ऐकावयास मिळतो. दुसरीकडे वैनगंगेच्या खोऱ्यात पोवार समाजाची पोवारी बोली नांदते. माळव्याकडून आल्याची परंपरा सांगणाऱ्या या समाजाने 'जासे', 'करसे' अशी क्रियापदे येथवर आणली आणि त्यांच्या भोवती मराठीचा संसार उभा केला. दिवाळीनंतर गावोगाव 'मंडई' भरते. पुण्यात मंडई म्हणजे भाजीचा बाजार. येथे मंडई म्हणजे जत्रा, दंडार नावाचे लोकनाट्य, रात्रभराचे नाटक आणि सोयरिकींची बोलणी. उगम दोन्हींचा बहुधा 'मंडपिका' या संस्कृत शब्दात, पण एकीने वजनकाटा उचलला व दुसरीने ढोलकी. त्या रात्री मराठी, पोवारी, लोधी, हिंदी आणि गोंडी बोलणारे लोक एकाच मांडवाखाली बसतात, आणि शब्दांची देवघेव कोणत्याही पंडिताच्या अनुज्ञेशिवाय चालते.

आता संग्राहकांविषयी. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली प्रथम निघाला आणि १८५७ साली त्याची वाढविलेली आवृत्ती आली. मराठीवर त्या पुरुषाचे ऋण अपरंपार आहे. परंतु तो ज्या काळी शब्द वेचीत होता त्या काळी नागपूरचे राज्य भोसल्यांचे होते, आणि त्याचे साहाय्यक मुख्यतः देश व कोकण या भागांतले. म्हणून कोकणातील मासळीची नावे त्याच्या पानोपानी आढळतात आणि वैनगंगेच्या मासळीची नाहीत. पुढे दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'ने १९३२ ते १९३८ या वर्षांत सात खंडांत मोठी मजल मारली, कृ. पां. कुलकर्णी यांचा 'मराठी व्युत्पत्ति कोश' १९४६ साली आला, आणि म्हणींच्या बाबतीत मॅनवेअरिंगच्या १८९९ च्या संग्रहापासून 'वाक्संप्रदाय कोशा'पर्यंत भरपूर काम झाले. तरी या प्रदेशाचे पान बरेचसे कोरेच राहिले. या बाजूची भाषा टिपली ती बहुधा परक्यांनी, आणि दुसऱ्याच कोणत्या हेतूने. मिशनरी हिस्लॉप यांची गोंडी शब्दांची टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली प्रसिद्ध झाली. ग्रियर्सनने १९०५ च्या मराठीवरील खंडात नागपुरी आणि हळबी यांची नोंद घेतली. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्यप्रांतातील जातिजमातींचे चार खंड लिहिले. यांपैकी कोणाचाही हेतू शब्दाचा आनंद हा नव्हता.

तो आनंद आणि ती आस्था आपल्याच माणसाच्या हातून येणे अवश्य होते. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली साहित्य मंडळ उभे केले, झाडीबोलीची संमेलने भरविली, दंडारीवर लिहिले आणि झाडीबोलीचा कोश रचला. जिला लोक अशुद्ध म्हणून हिणवीत होते तिला स्वतःचे नियम आहेत हे त्यांनी दाखवून दिले, आणि या कार्याचे मोल महाराष्ट्राने अद्याप पुरतेपणी केलेले नाही असे मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते. मारुती चितमपल्ली यांचा मार्ग निराळा. सोलापूरचे हे वनाधिकारी नवेगावबांधच्या रानात राहिले, तेथील जाणत्या लोकांकडून पक्ष्यांची, झाडांची, प्राण्यांच्या सवयींची नावे शिकले, आणि जेथे मराठीत नाव नव्हते तेथे संस्कृतच्या टांकसाळीतून नवे पाडले. कावळ्यांच्या वसाहतीस 'काकागार' आणि बगळ्यांच्या वसाहतीस 'सारंगागार' हे त्यांचे शब्द. १८ जून २०२५ रोजी ते निवर्तले. मला त्यांच्या घडविलेल्या शब्दांपेक्षा त्यांनी ऐकून टिपलेले शब्द अधिक प्रिय आहेत, पण दोहोंचा उगम एकाच ठिकाणी आहे : ज्याला वस्तूचे नाव माहीत आहे त्याच्या शेजारी जाऊन बसण्यात.

या मुलुखाला संस्कृतचे वावडे कधीच नव्हते. आमगाव तालुक्यातील पदमपूर हेच भवभूतीचे पद्मपूर होय असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले. अरण्यातील झऱ्यांचे, घुबडांचे, वेळूंच्या बेटांचे ध्वनी शब्दांच्या नादात पकडण्याची जी विलक्षण शक्ती 'उत्तररामचरिता'त दिसते, तिचा उगम नागझिऱ्यासारख्या रानाच्या सान्निध्यात असावा अशी कल्पना करण्याचा मोह अनावर होतो. आणि कालिदासाच्या 'शाकुंतला'त दुष्यंताची अंगठी माशाच्या पोटातून काढणारा जो 'धीवर', त्याच्या नावाचा समाज नवेगावपासून तिरोड्यापर्यंत प्रत्येक तलावाच्या काठी 'ढिवर' म्हणून आजही जाळी विणीत आहे. 'ध' या वर्णाचा 'ढ' झाला, धंदा बदलला नाही.

या ढिवरांकडे असलेला शब्दसाठा हा माझ्या मते सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी नोंदलेला. दाडक, बोटरी, शिंगूर, वाघूर, मरळ अशी मासळीची नावे, तलावात आपोआप उगवणाऱ्या देवधानासारख्या वनस्पतींची नावे, निरनिराळ्या जाळ्यांची आणि निरनिराळ्या खोलीच्या पाण्याची नावे, ही त्यांच्या स्त्रीपुरुषांच्या तोंडी आहेत. बाहेरून आणलेल्या जातींचे बीज तलावांत सोडल्यापासून देशी मासळी मागे पडत चालली आहे, आणि मासा दिसेनासा झाला म्हणजे मुलाला त्याचे नाव शिकविण्याचा प्रसंगच येत नाही. तेव्हा यापुढील शब्दसंग्रह करणाराने घरी बसून प्रश्नावली पाठविण्यापेक्षा, उन्हाळ्यात तळ्याचे पाणी आटल्यावर जेव्हा सारा गाव मासे धरण्यास उतरतो तेव्हा वही घेऊन पाळीवर जावे. जे हाती लागले त्याचे नाव, ते सांगणाऱ्याचे गाव, त्या तळ्याचे नाव, आणि त्या नावाबरोबर येणारी म्हण किंवा शिवी, हे सर्व एकाच ओळीत टिपावे. आणि 'ळ' याच्या जागी 'र' ऐकू आला तर तो 'र' असाच लिहावा.